भोंग्याच्या तोंडातली गोधडी

मित्रांनो, आखातातल्या एका चिमुकल्या देशात मुहर्रक बेटावर बुसैतीन नावाची वस्ती आहे. तिथल्या बेकरीच्या गल्लीत उभे राहून वर पाहिलेत, तर एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर लोखंडी चौथऱ्यावर बसवलेला मोठा कर्णा दिसेल. रंग करडा असावा, असे मी अंदाजानेच सांगतो. निम्मा रंग खाऱ्या वाऱ्याने खाल्ला आहे आणि उरलेला कबुतरांनी झाकला आहे. तोच मी. मी एक जुना भोंगा आहे. इथे मला सगळे सायरन म्हणतात; भोंगा हे नाव माझी देखभाल करणाऱ्या बाळाजीने दिले आणि मला तेच आवडते.

माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. या गोष्टीत एका माणसाचा जीव गेला आहे आणि एका बाईचे कान गेले आहेत. दोन्हींना मी कारण झालो. लहान मुलांना असे काही सांगू नये, असे मोठ्यांना वाटते. मला उलट वाटते. संकट आले की मोठ्यांबरोबर मुलेही जिन्याखाली बसतात, मग गोष्ट तेवढी मोठ्यांनीच का ऐकावी?

माझा जन्म इथला नाही. दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात मला घडवले. पोटात मोटर, मोटरीवर पंख्यासारखे चक्र आणि पुढे हा एवढा मोठा कर्णा. चक्र गरगर फिरले की हवा कापली जाते आणि माझा आवाज निघतो. कारखान्यात मला पहिल्यांदा वाजवले, तेव्हा माझ्या अंगावर हात ठेवून बसलेला कारागीर कानात बोळे घालूनही मागे सरकला होता. त्या दिवसाचा अभिमान मला अजून आहे.

तीसेक वर्षांपूर्वी शेजारच्या मुलखात लढाई पेटली, तेव्हा मला जहाजात घालून मीना सलमान बंदरात आणले आणि तिथून या गच्चीवर चढवले. काय थाट होता म्हणून सांगू! गणवेशातले अधिकारी येऊन माझ्या कर्ण्यावर थापटी मारून गेले. मला बसवणाऱ्या कामगारांना खजूर आणि गहवा, म्हणजे इथली कॉफी, दिली. गल्लीतल्या म्हाताऱ्या हात जोडल्यासारखे करून माझ्याकडे बघत. मी चढत्या-उतरत्या सुरात वाजलो की लोकांनी घरात शिरायचे, काचांपासून लांब बसायचे आणि मी पुन्हा सरळ सुरात वाजेपर्यंत बाहेर यायचे नाही, एवढे माझे काम. त्या लढाईत मी मोजक्याच वेळा वाजलो, पण एकदाही चुकलो नाही.

पुढे लढाई संपली आणि माझी थापटीही संपली. तरी वर बसून मला बरेच दिसत असे. आमचा देश अगदी लहान. सकाळी गाडी काढून सगळा देश पालथा घातला, तरी माणूस दुपारच्या जेवणाला घरी येतो. अशा देशाला मोठ्या शेजाऱ्यांशी आणि दूरच्या बलवान मित्रांशी जपून राहावे लागते. परराष्ट्र व्यवहार म्हणजे काय, ते मी पुस्तकातून शिकलो नाही, विमानतळाच्या रस्त्यावरच्या खांबांवरून शिकलो. कोणी मोठा पाहुणा येणार असला की आदल्या दिवशी त्याच्या देशाचे झेंडे लागत. कधी समुद्रावरच्या पुलापलीकडच्या थोरल्या शेजाऱ्याचे लागत, कधी ज्यांची प्रचंड जहाजे आमच्या बंदरात मुक्काम ठोकून असतात त्यांचे. ज्याचे झेंडे चार-चार वर्षे लागले नाहीत, त्याच्याशी बिनसले आहे हे मला कळायचे. एकदा मला बनवणाऱ्या देशाशीच काहीतरी बिनसले आणि माझे एक साधे बेअरिंग यायला सव्वा वर्ष लागले. दोन देशांचा रुसवा असा माझ्या पोटात खरखरत होता.

आणि आकाशातून नवी विमाने जात. देखणी, चकचकीत. राष्ट्रीय दिनाला ती रंगीत धूर सोडत गेली की गल्लीतली मुले टाळ्या वाजवीत. मला त्यांचा हेवा वाटला नाही, असे म्हटले तर खोटे होईल.

अकरा वर्षांपूर्वी बाळाजी आला. पाटण तालुक्यातल्या कोयनाकाठच्या गावचा, बारीक अंगाचा, फारसे न बोलणारा इलेक्ट्रिशियन. आमच्या देखभालीचे कंत्राट घेतलेल्या एका कंपनीत तो लागला होता. इतर कामगार पाच मिनिटांत फडके मारून जात. बाळाजी स्क्रूड्रायव्हरचे टोक माझ्या मोटरीवर टेकवायचा, मूठ आपल्या कानाला लावायचा आणि डोळे मिटून माझ्या पोटातला आवाज ऐकायचा. बेअरिंग कोरडे पडले की त्याला माझ्याआधी कळायचे. आणि आजूबाजूला कोणी नसले की तो माझ्याशी बोलायचा. धरणाचे दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना भोंगा वाजवून सावध करतात, तो भोंगा ऐकत तो लहानाचा मोठा झाला होता. भोंगा वाजला की त्याची आई हातातली भाकरी तव्यावर टाकून नदीकडे पळायची आणि म्हशी वर हाकून आणायची. त्यामुळे भोंग्याला तो यंत्र मानत नसे, घरचा मोठा माणूस मानत असे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला माझी चाचणी असे. रविवार इथे कामाचा वार. लांबच्या कार्यालयातून बटण दाबले जाई, मी एक मिनिट पूर्ण आवाजात वाजे आणि बाळाजी एका कागदावर 'आवाज : पूर्ण' असे लिहून सही करी. अशी कित्येक वर्षे गेली. मग चौथ्या मजल्यावर, अगदी माझ्या तोंडाखाली, पुण्याचे एक कुटुंब राहायला आले.

शैलेंद्र आणि मेधा अशी त्या नवरा-बायकोची नावे, आणि चार वर्षांची मुलगी कश्मिरा. स्वयंपाकाला आणि मुलीला सांभाळायला त्यांनी कराडकडची काशीबाई बरोबर आणली होती. पन्नाशीची, विधवा, हाताने भराभर आणि तोंडाने त्याहून भराभर काम करणारी. बाळाजी आपल्या भागातला निघाला म्हटल्यावर ती त्याची आक्का झाली आणि पहिल्याच वर्षी तिने त्याला राखी बांधली. चाचणीच्या दिवशी त्याला भाकरी आणि ठेचा मिळू लागला.

पण कश्मिराला माझा आवाज सोसेना. मी वाजलो की ती ताठ व्हायची, तिचे ओठ निळे पडायचे आणि मग तासभर तिला कोणाचीच ओळख पटायची नाही. डॉक्टरांनी सांगितले होते की या मुलीला दचकू देऊ नका. शैलेंद्रने माझ्या कार्यालयाला दोन पत्रे पाठवली. उत्तर आले नाही. एका रविवारी काशीबाई तिला कडेवर घेऊन गच्चीवर आली.

"बाळाजी, पोरगी लई भेतीया रं," ती म्हणाली. "जरा बारीक वाजीव की ह्याला."

"आक्का, ह्याला बारीक-मोठं नसतंय. एकच आवाज हाय त्याचा."

काशीबाई खाली गेली आणि आपली गोधडी घेऊन आली. एसीच्या गारठ्यात अंगावर घ्यायला तिने ती गावाहून आणली होती. तिच्या आईच्या जुन्या लुगड्यांची, हिरव्या काठाची, चांगली जाडजूड. बाळाजीने गोधडीकडे पाहिले, मुलीकडे पाहिले आणि गोधडीची घडी घालून माझ्या कर्ण्यात आतपर्यंत कोंबली. दहा वाजता मी वाजलो. खालच्या घरात कोणी मिक्सर लावावा, एवढा आवाज झाला. कश्मिरा काशीबाईच्या खांद्यावर झोपून राहिली.

मित्रांनो, पहिल्या वेळी मला राग आला. माझ्यासारख्याच्या तोंडात बोळा! पण त्या गोधडीला फोडणीचा आणि धुतलेल्या सुताचा वास होता आणि मुलगी शांत झोपली होती. मी राग गिळला. चाचणी संपली की बाळाजी गोधडी ओढून काढी, झटके आणि काशीबाईला परत देई. कागदावर मात्र 'आवाज : पूर्ण' असेच लिही. लिहिताना त्याचा हात थोडा थांबत असे, ते मी पाहिले आहे. पण महिन्यातून एक मिनिट, आणि त्यातून एका लेकराचे भले. त्यात वाईट ते काय, असे त्याला वाटे. मलाही तसेच वाटे. दीड वर्ष आम्ही तिघांनी हे असे चालवले.

शैलेंद्र हिशेबनीस होता आणि सल्ला देणाऱ्या एका कंपनीत काम करी. हिवाळ्यात संध्याकाळी तो आणि मेधा गच्चीवर फेऱ्या मारीत. एका संध्याकाळी तो नव्या कामाबद्दल सांगत होता. देशाने संरक्षणावर आधी कशासाठी खर्च करावा आणि नंतर कशासाठी, त्याचा एक तक्ता त्यांच्या कंपनीकडून मागवला होता. आधी विमाने, मग जहाजे आणि रडार, मग मित्रदेशांबरोबरच्या कवायती. प्रत्येक मित्राकडून काही ना काही घ्यावेच लागते, नाहीतर तो रुसतो, असे त्याने समजावून सांगितले. लहान देशाने विमान घेतले म्हणजे नुसते विमान घेतले असे नसते, त्याच्याबरोबर एक मोठा मित्रही घेतलेला असतो.

मेधाने माझ्याकडे बोट दाखवून विचारले, की याचे काय.

"तो शेवटच्या रांगेत आहे," शैलेंद्र म्हणाला. "पाहुणे आले की विमान दाखवता येतं, मेधा. सायरन कोण दाखवतो? आणि आता सगळ्यांकडे फोन आहेत. अलर्ट फोनवरच येईल."

तो दुष्ट नव्हता. त्याच्या मुलीचे ओठ माझ्यामुळे निळे पडलेले त्याने पाहिले होते. तक्त्यात कोणाला तरी शेवटी बसवावेच लागते, आणि शेवटी बसणारा तक्रार करणारा नसला तर काम सोपे होते. माझ्या वतीने तक्रार कोण करणार?

तीन महिन्यांत त्या रांगेचा अर्थ मला कळला. देखभालीची माणसे निम्म्याहून कमी केली. महिन्याची चाचणी तीन महिन्यांनी होणार, असे ठरले. आणि मार्चमधल्या पहिल्या रविवारी, माझी चाचणी नुकतीच संपत होती, तोच बाळाजीचा फोन वाजला. पलीकडून त्याचा सुपरवायझर विनीत बोलत होता. हा मुंबईचा, मनाने बरा, पण सतत घाईत. सामान घेऊन ताबडतोब खाली ये, यल्ला, म्हणजे चल लवकर, गाडी उभी आहे, या साइटवरून तुझे नाव निघाले आहे, एवढेच त्याने सांगितले.

बाळाजीला वाटले, नोकरी गेली. व्हिसा रद्द झाला, आता थेट विमानतळ. त्याची बहीण लग्नाची होती, घराचे छत अर्धे टाकलेले होते. त्याने पाने-पकडी पिशवीत कोंबल्या, कागदावर सही केली आणि धडधडत जिना उतरला. गोधडी माझ्या तोंडातच राहिली.

नोकरी गेली नव्हती. मीना सलमानच्या एका गोदामात फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या सांभाळायला त्याला पाठवले होते. पुढचे त्याने मला नंतर सांगितले, म्हणून तुम्हाला सांगू शकतो. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला, ठेच्याचा वास आला आणि त्याला माझ्या तोंडातली गोधडी आठवली. त्याने लगेच काशीबाईला फोन केला. तिला वाटले होते, की गोधडी घाईत त्याच्याच पिशवीतून गेली. ती धावत वर आली, पण गच्चीच्या दाराला नवे सरकारी कुलूप लागले होते. किल्ली कार्यालयात.

इमारतीचा वॉचमन अन्सार हा बिहारकडचा उंच, सावकाश चालणारा माणूस. रिकाम्या वेळात तो गल्लीतल्या गाड्या धुवायचा. काशीबाईने त्याला गोधडीचे सांगून कुलूप तोडायची गळ घातली.

"बाई, ताला सरकारी है," तो म्हणाला. "हाथ लगाया तो हम दोनों खलास."

तो खरेच बोलत होता. बाळाजीने विनीतकडे गच्चीचा पास मागितला. कारण काय लिहू, असे विनीतने विचारले. खरे कारण सांगावे, तर दीड वर्षाचे सगळे कागद खोटे ठरत होते. बाळाजीने ऑइलिंग असे सांगितले. ऑइलिंग जूनमध्ये, पुढच्या चाचणीला. त्याच्या आधी बजेट मफी, म्हणजे अजिबात नाही, असे म्हणून विनीत दुसऱ्या फोनवर गेला. बाळाजीने मनाची समजूत घातली. जूनला तीन महिने तर आहेत. एवढी वर्षे काही झाले नाही, आता तेवढ्यात काय होणार?

म्हणजे बघा, गोधडीची गोष्ट बाळाजी, काशीबाई आणि अन्सार अशा तिघांना ठाऊक होती आणि तिघांनाही आपापल्या नोकरीची धास्ती होती. कोणी एकाने तोंड उघडले असते, तर माझे तोंड उघडले असते. मी त्यांना दोष देत नाही. परक्या देशात व्हिसावर राहणाऱ्या माणसाचा जीव किती मुठीत असतो, ते मी वरून रोज बघतो. पण दोष दिला नाही म्हणून झाले ते बदलत नाही.

एप्रिल गेला. गोधडीत वाळू बसली, दमट हवेने ती फुगली आणि माझ्या गळ्यात घट्ट रुतली. मे महिन्यात दोन मोठ्या देशांचे भांडण पेटले. भांडण आमचे नव्हते. पण एकाची जहाजे आमच्या बंदरात होती आणि दुसऱ्याचा किनारा आमच्यापासून फार लांब नव्हता. विमानतळ शांत झाला. लोकांनी पाण्याचे कॅन भरून ठेवले. चकचकीत विमाने रोज उडू लागली आणि गल्लीतली मुले आता टाळ्या वाजवेनाशी झाली.

त्या दिवशी सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. दूर कुठेतरी बटण दाबले गेले आणि माझी मोटर फिरू लागली. बाळाजीने जपलेले बेअरिंग लोण्यासारखे चालले. मी सगळा जोर लावला. तीस वर्षांत लावला नव्हता एवढा लावला. आणि माझ्या तोंडातून बाहेर पडली ती नुसती घरघर.

लांबच्या वस्त्यांतले माझे भाऊबंद वाजत होते, पण बेकरीच्या गल्लीत ते कोणाला ऐकू येणार? तिथे भट्टी धडधडत होती. कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाच्या, सावलीत रात्रपाळीचे कामगार चहा पीत बसले होते; त्यांच्या जुन्या साध्या फोनवर अलर्ट येत नसे. अन्सार पाण्याचा पंप लावून गाडी धूत होता आणि त्याचा फोन खोलीत चार्जिंगला होता. मेधाचा फोन मात्र किंचाळला. तिने कश्मिराला उचलले आणि काशीबाईला हाक मारून जिन्याकडे धावली. शैलेंद्र ऑफिसात होता.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर काशीबाई थांबली. तिला वरून माझी घरघर ऐकू आली. साऱ्या गल्लीत हा आवाज ओळखणारी तीच एकटी होती.

"तुम्ही हो म्होरं, वैनी," ती म्हणाली. "मी आले."

ती घरात गेली, खलबत्त्यातला बत्ता घेऊन वर आली आणि त्या सरकारी कुलपावर घाव घालू लागली. मी घाव मोजत होतो. दुसरे काही करण्यासारखे नव्हते. नवव्या घावाला कडी तुटली. ती धावत आली आणि माझ्या कर्ण्यात हात घालून गोधडी ओढू लागली. गोधडी हलेना. मग तिने चौथऱ्यावर एक पाय रोवला, खांद्यापर्यंत हात आत घातला, डोके माझ्या तोंडात घातले आणि आतला हिरवा काठ दोन्ही मुठींत धरून मागे झुकली.

गोधडी निघाली. आणि मी वाजलो.

मित्रांनो, माझा आवाज मैलभर ऐकू जावा म्हणून घडवलेला आहे. तिचा कान माझ्यापासून वीतभरही नव्हता. मला थांबता येत नव्हते. भोंग्याला स्वतःहून थांबता आले असते, तर मी त्या एका क्षणी थांबलो असतो, हे मी तुम्हाला अगदी मनापासून सांगतो. ती कान दाबून खाली कोसळली आणि मी तिच्या डोक्यावर ओरडत राहिलो.

खाली गल्लीतल्या साऱ्या माना वर झाल्या. चहा पिणारे पळाले, बेकरीवाल्यांनी बाहेरच्यांना आत ओढले. बघता बघता गल्ली रिकामी झाली. अन्सारही जिन्यात शिरला होता. पण शिरण्याआधी त्याने वर पाहिले होते, आणि कठड्याशी धडपडत उठणारी काशीबाई त्याला दिसली होती. तो परत बाहेर आला. गल्लीच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवत तो तिला खाली यायला सांगत होता. मला त्याचे ओठ हलताना दिसत होते. माझ्या आवाजात त्याचे बोलणे मलाही ऐकू येत नव्हते, तिला तर आता काहीच ऐकू येणार नव्हते.

आकाशात काहीतरी फुटले. आमच्या बाजूच्यांनी येणारे क्षेपणास्त्र हवेतच अडवले होते, असे नंतर सगळे अभिमानाने सांगत होते. अडवलेही असेल. पण फुटलेल्याचे तुकडे कुठेतरी पडणारच, आणि त्यातला एक बेकरीच्या गल्लीत पडला. धूळ खाली बसली तेव्हा पंपाचे पाणी वाहतच होते आणि अन्सार उठला नाही.

पंधरा दिवसांनी रस्त्यावर झेंडे लागले. एका मोठ्या मित्राचे, नवे कोरे. सांत्वनाला आलेले पाहुणे करार करून गेले आणि आणखी विमाने यायची ठरली. माझ्याबद्दल कार्यालयात एक ओळ लिहिली गेली : बुसैतीनचा भोंगा वेळेवर सुरू झाला, समाधानकारक. बटण दाबल्यावर मोटर फिरली, एवढेच त्यांच्या पडद्यावर दिसत होते. ती ओळ शैलेंद्रच्या नव्या तक्त्यात गेली. मी पुन्हा शेवटच्या रांगेत राहिलो. तुटलेल्या कडीची जागा वाकवलेल्या तारेने घेतली.

जूनमध्ये चाचणीसाठी बाळाजीला परत पाठवले. विनीत बरोबर होता. कठड्याच्या कोपऱ्यात ती गोधडी वाळू खात पडली होती. बाळाजीने ती उचलली आणि विनीतला सगळे सांगून टाकले. विनीत कठड्याशी जाऊन खाली कोणी ऐकत नाही ना ते बघून आला. मग हलक्या आवाजात म्हणाला, की हे इथेच राहू दे. तू बोललास तर तुझा व्हिसा जाईल, कंपनीचे कंत्राट जाईल, आणि अन्सार काही परत येणार नाही.

तेवढ्यात काशीबाई वर आली. दुसऱ्या दिवशी ती कायमची गावी निघाली होती आणि आईच्या लुगड्यांची गोधडी न्यायला आली होती. बाळाजीने गोधडी तिच्या हातात दिली आणि तो बोलू लागला. खालच्या मानेने, हळू, जसा तो नेहमी बोलायचा तसा. मी पुन्हा सांगतो, तो कोणाशीही फारसे बोलणारा माणूस नव्हता. त्याने सगळे सांगितले आणि मग वर पाहिले.

काशीबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"मोठ्यानं बोल, बाळाजी," ती म्हणाली. "मला काय बी ऐकू येत न्हाई रं आता."

विनीतने त्याच्या दंडाला धरले. बाळाजीने तो हात बाजूला केला.

"आक्का, गोधडी मी इसरलो!" तो ओरडला. माझ्या चौथऱ्याचे पत्रे हलले. "मला ठावं हुतं! तीन महिनं ठावं हुतं! नोकरीच्या भ्यानं मी बोललो न्हाई! अन्सार माझ्यामुळं गेला!"

गल्लीत बेकरीवाले बाहेर आले. कोल्ड स्टोअरपाशी माणसे थांबली. चौथ्या मजल्याची खिडकी उघडली आणि त्या दिवशी घरी असलेला शैलेंद्र तिथे उभा राहिला. खालून ऐकणाऱ्यांत मराठी समजणारा तो एकटाच होता, पण अन्सारचे नाव सगळ्यांना समजले. काशीबाईने किती ऐकले, मला ठाऊक नाही. तिने बाळाजीच्या डोक्यावर हात ठेवला.

"बारीक वाजीव म्हणून मीच सांगितलं हुतं न्हवं," ती म्हणाली. कान गेलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही, त्यामुळे तेही गल्लीभर ऐकू गेले.

मग बाळाजीने चाचणीचा कागद घेतला. आवाजापुढे 'पूर्ण' असे न लिहिता, मार्चपासून काय झाले आणि मार्चच्या आधी दीड वर्ष काय होत होते, ते आपल्या मोडक्या इंग्रजीत लिहून काढले. कागद पुरला नाही तेव्हा पाठीमागे लिहिले. सही केली. चार दिवसांत त्याचा व्हिसा रद्द झाला. त्याचे विमान माझ्या डोक्यावरून गेले तेव्हा दुपार होती आणि मी मुका बसलो होतो.

त्याला जाऊन बरेच महिने झाले. त्याच्या कागदाचे पुढे काय झाले, मला कळलेले नाही. एकदा शैलेंद्र एकटाच गच्चीवर आला, माझ्या कर्ण्यात हात घालून आत काही नाही ना ते बघून गेला. तेव्हापासून माझी चाचणी झालेली नाही. बेअरिंग पुन्हा कोरडे पडले आहे, आणि ते स्क्रूड्रायव्हरने ऐकणारे कोणी उरलेले नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात, शाळेत, कारखान्यात माझ्यासारखा कोणीतरी असेल. त्याला हार घालू नका, राष्ट्रीय दिनाला मिरवू नका. महिन्यातून एकदा त्याला पूर्ण तोंडाने ओरडू द्या. एखादे मूल दचकेल. त्याला तेवढे एक मिनिट छातीशी घट्ट धरा आणि कागदावर खरे लिहा.